सोनं शोधलं, उजेड सापडला

‘सोनखत’ हा शब्द मी पहिल्यांदा आमच्या दादीच्या तोंडून ऐकला आणि खूप हसलो होतो. माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला सोन्याचं नाव! मी साधा बी. ए. झालेला माणूस, शास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण पुढे जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराचा इतिहास वाचताना हा शब्द पुन्हा आठवला. कारण त्या शहरात एकाने खरोखरच मूत्रात सोनं शोधलं होतं.

तो हेनिंग ब्रांड नावाचा किमयागार. १६६९ साली त्याने पिंपंच्या पिंपं मूत्र आटवलं. सोनं काही मिळालं नाही. मिळाला तो अंधारात आपोआप उजळणारा, मेणासारखा एक पदार्थ. त्याला नाव पडलं फॉस्फरस, म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. आज आपल्याला ठाऊक आहे, की फॉस्फरसवाचून दाणा भरत नाही आणि हाडही घडत नाही. तो कारखान्यात निर्माण करता येत नाही. खडकातून खणावा लागतो, नाहीतर वापरलेला परत मिळवावा लागतो.

मे १८४२ मध्ये हॅम्बर्गला मोठी आग लागली आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. नव्या उभारणीत विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने जमिनीखाली गटारं बांधली. शहराची घाण एल्ब नदीकडे निघाली आणि तिच्यातलं खतही नदीला मिळालं. पण पिण्याचं पाणीही त्याच नदीचं, तेही न गाळलेलं. १८९२ साली पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसं दगावली. शेजारच्या आल्टोना गावात पाणी वाळूतून गाळून घेत. ते बरंचसं वाचलं.

गंमत अशी, की त्याच आगीने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. जळालेल्या सेंट निकोलाय चर्चच्या नव्या पायासाठी खोदाई चालू असताना, १८४५ च्या सुमारास, शेणामुताच्या जुन्या थरांत चकचकीत स्फटिक सापडले. उलेक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना स्ट्रुव्ह या खनिजप्रेमी मुत्सद्द्याचं नाव दिलं : स्ट्रुव्हाइट. त्यात फॉस्फरस आहे, नत्र आहे, मॅग्नेशियम आहे. थोडक्यात, पिकाचं जेवणच.

पुढे हाच स्फटिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतल्या नळांत दगडासारखा साचू लागला. अभियंते वैतागले. मग कुणाच्या तरी मनात आलं, की हा नको तिथे होतो, तर हवा तिथे का करू नये? टाकीतल्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळलं, पाण्याचा आम्लपणा कमी केला, की हे खडे तळाशी बसतात. मातीत ते हळूहळू विरघळतात. आज अनेक देशांत असं खत तयार होतं. खुद्द हॅम्बर्गने निराळी वाट धरली. तिथे गाळ जाळून त्याच्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढण्याचा प्रकल्प उभारला आहे. जर्मनीच्या २०१७ च्या नियमाने मोठ्या शहरांना २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवणं बंधनकारक केलं.

फॉस्फेट खताचा बराचसा कच्चा माल आपण परदेशातून आणतो आणि आपल्या शहरांतला फॉस्फरस नदीत सोडून जलपर्णी पोसतो. तेव्हा हा धडा आपल्याही कामाचा आहे.

पण सोनखताची एक बाजू दादीने मला सांगितली नव्हती. ती मी स्वतः पाहिली. मैल्याची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई सकाळी आमच्या गल्लीतून जायची आणि लोक नाक दाबून बाजूला व्हायचे. सोनं शेताच्या वाट्याला, दुर्गंधी एका जातीच्या डोक्यावर. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी आजही गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात.

म्हणून सोनखत परत यावं, जरूर यावं. मात्र ते यंत्राने आणावं. कुणाच्या डोक्यावरून ते पुन्हा येणार असेल, तर ते सोनं आपल्याला नको.