अमृतधारा आणि लक्ष्मणधारा

उत्तर हिंदुस्थानातील कोणत्याही जुन्या शहराच्या बाजारात एकाच नावाची चार-पाच दुकाने शेजारी शेजारी उभी असलेली दिसतात. मिठाई तीच, पाटीचा रंग तोच, नावही तेच. फरक असतो तो नावामागे लावलेल्या विशेषणाचा. कोणी 'असली', कोणी 'पुराना', तर कोणी 'सब से पुराना'. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बाजूस हीच चिंता 'आमची कोठेही शाखा नाही' या सुप्रसिद्ध वाक्याने प्रकट होते. या पाट्यांना हसण्याची आपल्यात रीत आहे. परंतु ज्याला ती पाटी लावावी लागते त्याच्या पोटात केवढी भीती दडलेली असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मोठ्या कारखानदाराजवळ यंत्रे असतात, इमारती असतात, भांडवल असते. लहान दुकानदाराजवळ पुष्कळदा नावाखेरीज काहीच नसते.

सरकारी कचेरीत ज्यांचा जन्म जातो त्या आम्हां लोकांना नामसाधर्म्याचा उपद्रव नवा नाही. एकाच नावाचे दोन अर्जदार असले म्हणजे एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसतो. तथापि तेथे बापाचे नाव, गावचे नाव, जन्मतारीख अशी साधने हाताशी असतात. बाजारात येणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ असले कोणतेही साधन नसते. त्याच्या स्मरणात एक नाव असते आणि तेही बहुधा अर्धवट. या अर्धवट स्मरणाची बूज कायद्याने केव्हा आणि कशी राखली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक बाप आणि एक मुलगा उभे आहेत. लंडनमध्ये बर्जेस नावाच्या घराण्याचा अँचोव्ही या लहान माशांचा अर्क विकण्याचा धंदा होता. मुलाने वेगळे दुकान थाटून तोच पदार्थ त्याच आडनावाने विकण्यास आरंभ केला आणि बापाने त्याच्यावर दावा लावला. १८५३ साली न्यायमूर्ती नाईट ब्रूस यांनी या तक्रारीचा जो निकाल दिला त्याचा आशय असा की, बाप एखादा धंदा करीत होता म्हणून मुलाला तो बंद होत नाही, आणि मुलाने स्वतःचे जन्मसिद्ध नाव लावण्यासही आडकाठी नाही. कपट मात्र नसले पाहिजे. १८९६ साली रेडवे आणि बॅनहॅम यांच्या वादात हाउस ऑफ लॉर्ड्सने याच विचाराची दुसरी बाजू पुढे आणली. रेडवे यांचे यंत्रांसाठी लागणारे पट्टे 'उंटाच्या केसांचे पट्टे' या नावाने गाजलेले होते. त्यांच्याकडे पूर्वी नोकरीस असलेल्या बॅनहॅमने तेच नाव उचलले. त्याचेही पट्टे उंटाच्या केसांचेच होते. म्हणजे तो अक्षरशः खरे बोलत होता! तरीही निर्णय त्याच्या विरुद्ध गेला. शब्द खरे असूनही त्यांमुळे एकाचा माल दुसऱ्याचा म्हणून खपत असेल तर ती फसवणूकच होय, हे तत्त्व येथे पक्के झाले.

आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेत खोट्या व्यापारचिन्हाबद्दल शिक्षा सांगितली होती, आणि १८८९ साली त्यासंबंधी स्वतंत्र कायदाही झाला. परंतु चिन्हाची नोंद करून घेण्याची सोय नव्हती. तेव्हा व्यापारी मंडळी एक युक्ती करीत. दस्तऐवज नोंदणीच्या कचेरीत मालकीचे प्रतिज्ञापत्र नोंदवावयाचे आणि वर्तमानपत्रात इशारेवजा जाहीर सूचना द्यावयाची. १९४० साली व्यापारचिन्हांचा कायदा झाला आणि मुंबईला निबंधकांचे कार्यालय आले. पुढील गोष्टीचा उगम याच कार्यालयात आहे.

लाहोरला पंडित ठाकुरदत्त शर्मा यांचे 'अमृतधारा' नावाचे औषध विसाव्या शतकाच्या अगदी आरंभापासून विकले जात होते. डोकेदुखी, पोटाचे विकार अशा नित्याच्या दुखण्यांवर ते देत. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे सत्त्व एकत्र केले की त्यांचा आपोआप द्रव होतो. या घरगुती मिश्रणाला आज अनेक घरांत अमृतधारा असेच म्हणतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, असल्या औषधाच्या कृतीत फारसे गुपित राखता येत नाही. जे राखावयाचे ते नावच. दुसरी, नाव फार लोकप्रिय झाले की ते मालकाच्या हातून निसटून भाषेच्या मालकीचे होऊ लागते.

१९४७ साली फाळणी झाली. लाहोर परदेश झाले. धंद्याची तेथली बैठक मोडली आणि तो डेहराडूनला नव्याने मांडावा लागला. जागा, ओळखीची पेठ, नेहमीचे गिऱ्हाईक यांपैकी बरोबर किती आणता येते, हे निर्वासितांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. परंतु नाव सरहद्द ओलांडून आले. नाव आणावयास गाडी लागत नाही.

इकडे कानपूरला रूपविलास कंपनी १९२३ सालापासून 'लक्ष्मणधारा' नावाचे तशाच प्रकारचे औषध विकीत होती. १९५० साली तिच्या चालकांनी हे नाव नोंदवून मिळावे म्हणून मुंबईस अर्ज केला, आणि अमृतधारेच्या मालकांनी हरकत घेतली. निबंधकांना दोन प्रश्न सोडवावयाचे होते. नावे फसगत होण्याइतकी सारखी आहेत काय? आणि असल्यास, इतकी वर्षे शेजारी नांदलेल्या धंद्याला आता हुसकून लावणे न्याय्य होईल काय? पहिल्याचे उत्तर त्यांनी होकारार्थी दिले. परंतु कानपूरचा धंदा इतकी वर्षे उघडपणे, मुख्यतः उत्तर प्रदेशात, चालू होता आणि अमृतधारावाल्यांनी तो मुकाट्याने चालू दिला होता, या विशेष परिस्थितीकडे बोट दाखवून त्यांनी लक्ष्मणधारेची नोंद उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती मान्य केली.

दोन्ही पक्ष असंतुष्ट राहिले आणि दोघेही अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे भाषाशास्त्राचा विजय झाला. 'अमृतधारा' म्हणजे अमृताचा प्रवाह आणि 'लक्ष्मणधारा' म्हणजे लक्ष्मणाचा प्रवाह. दोहोंचे अर्थ भिन्न. 'धारा' या शब्दावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. सबब फसगतीचा संभव नाही, असे त्या न्यायालयास वाटले. संस्कृत जाणणाऱ्या कोणाही माणसाला हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. न्यायमूर्ती एस. के. दास यांच्या निकालपत्राचे मर्म असे : औषध घ्यावयास येणारा सामान्य माणूस, मग तो खेड्यातला असो की शहरातला, समास सोडवीत दुकानाच्या पायरीवर उभा राहत नाही. त्याचे स्मरण अपुरे असते. दोन नावांतील अक्षरे एकेक करून तो ताडून पाहत नाही. नाव त्याच्या कानात एकवट शिरते आणि एकवटच आठवते. औषधाचा प्रकार तोच, शेवट तोच, एकंदर नाद तोच. तेव्हा त्याची गल्लत होणे स्वाभाविक आहे. व्युत्पत्ती जाणणाऱ्या शिक्षिताची कसोटी येथे उपयोगी नाही. मात्र दुसऱ्या प्रश्नावर न्यायालयाने निबंधकांचेच म्हणणे उचलून धरले. ज्याने शेजाऱ्याचा धंदा इतकी वर्षे डोळ्यांदेखत वाढू दिला, त्याला एके दिवशी उठून तो बुडवा असे म्हणता येणार नाही. निबंधकांचा हुकूम कायम झाला आणि लक्ष्मणधारा उत्तर प्रदेशापुरती राहिली.

या निकालाचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. लाहोरहून उखडून आलेल्या माणसाचे नाव त्याने मानले, कानपूरच्या माणसाची भाकरी काढून घेतली नाही, आणि ज्याची बाजू मांडावयास कोणीही वकील उभा नव्हता त्या निरक्षर गिऱ्हाइकाला न्यायाच्या तागडीत बसविले. शिवाय दूरच्या प्रतिस्पर्ध्याकडे दुर्लक्ष करून स्वस्थ बसण्याची किंमत काय पडते, हेही त्याने दाखवून दिले.

परंतु नकाशावर ओढलेली रेघ किती टिकते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बिकानेरच्या एका घराण्याच्या इतिहासात सापडते. गंगाबिशन ऊर्फ हल्दीराम यांचा शेव-भुजियाचा धंदा मुले व सून यांच्या भागीदारीत चालत असे. १९७४ साली ती भागीदारी मोडली, तेव्हा नावाचीही वाटणी झाली : पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि उरलेला सारा देश दुसरीकडे. त्यांच्यापैकी एक पाती नागपुरास रुजल्यामुळे हे नाव वैदर्भीयांना जवळजवळ स्वतःचे वाटते. पुढे १९९१ साली कलकत्त्याच्या बाजूने दिल्लीत करोल बागेत दुकान निघाले आणि भाऊबंद न्यायालयात उभे राहिले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात जो निर्णय दिला तो नाव कोणाचे याविषयी नव्हताच. भागीदारीची नोंदणी दावा लावते वेळी झालेली नसली तरी व्यापारचिन्हाच्या रक्षणासाठी दावा चालू शकतो, एवढाच मुद्दा त्यात निकालात निघाला. एवढ्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एखादा लहान दुकानदार तितक्यात थकून पाटी उतरवून मोकळा झाला असता.

सांप्रत १९९९ चा कायदा लागू आहे. तो अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरण्याचा हक्क आणि दीर्घकालीन प्रामाणिक सहवापर या दोन्ही गोष्टींना त्यात स्थान आहे. म्हणजे बर्जेस पितापुत्रांचा आणि लक्ष्मणधारेचा वाद, दोहोंची छाया त्यावर आहे. तरीही कायद्याला एक मर्यादा आहे. तो नाव राखू शकतो. नावामागची चव, शुद्धता आणि सचोटी राखणे हे दुकानदाराचेच काम.

आपल्यापैकी कित्येकांच्या मेजावर लहान उद्योगांचे अर्ज, परवाने आणि तक्रारी नित्य येतात. दोन नावे सारखी दिसली म्हणजे 'हा पक्षकारांचा आपसांतील वाद' असा शेरा मारून कागद पुढे ढकलणे सोपे असते. पण त्या सारखेपणात कोणाची पंचवीस वर्षांची मेहनत असते, कोणाचे मागे राहिलेले गाव असते, आणि औषधाची बाटली हाती घेऊन निघालेला एखादा खेडूत असतो, ज्याला आपण भलतेच काही घेतले आहे याचा पत्ताही नसतो. निदान त्या खेडुताकरिता तरी कागद पुढे ढकलण्यापूर्वी दोन्ही नावे एकदा मोठ्याने उच्चारून पाहावीत.