दिनविशेष : २४ मार्च १९८०, आर्चबिशप रोमेरो यांची हत्या

एल साल्वादोरच्या राजधानीत, एका रुग्णालयाच्या लहानशा चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करत असताना आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० च्या संध्याकाळी गोळी घालण्यात आली. आदल्याच दिवशीच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना देवाच्या नावाने बजावले होते की, आपल्याच शेतकरी भावंडांचे बळी घेणे थांबवा.

धर्मगुरूने राजकारणात पडू नये, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. पण रोमेरो पक्ष चालवत नव्हते. मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे ते रविवारच्या प्रवचनात वाचत, आणि रेडिओवरून ती खेड्यापाड्यांत पोचत. डाव्या गनिमांच्या हिंसेचाही त्यांनी निषेध केला होता, तेव्हा एकतर्फीपणाचा आरोपही टिकत नाही. राज्यकर्त्यांना धास्ती होती ती बहुधा या यादीचीच, कारण आकडे फेटाळणे सोपे. नावगाव सांगितलेला माणूस नाकारणे अवघड. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने हत्येचा आदेश देणारा म्हणून एका माजी मेजरचे नाव जाहीर केले. अहवालानंतर पाचच दिवसांत तिथल्या विधिमंडळाने सर्वांना माफी देणारा कायदा केला! चर्चने रोमेरो यांना संतपद दिले ते २०१८ मध्ये. संयुक्त राष्ट्रांनी मात्र त्याआधीच २४ मार्च हा सत्य जाणण्याच्या हक्काचा दिवस ठरवला होता.