दारापर्यंत जाणारी सेवा : नागपूर आणि विदर्भातील गृहभेटी

अडचणीत सापडलेल्या घरी जाऊन हातभार लावण्याची रीत नागपूर परिसरात संस्थांच्या कितीतरी आधीची आहे. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे पिठलं-भाकरी किंवा वरण-भात घेऊन येतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खाऊ घालतात. हाच कडू घास. बाळंतपण घरीच होई. अंधाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, आणि दहा-बारा दिवस रोज येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी सुईण. शेजारणी डिंक-मेथीचे लाडू वळून देत, मोठ्या मुलांना आपल्या घरी जेवायला नेत.

ही व्यवस्था मायेची होती, पण तिला कुंपण होते. मदत जातीच्या आणि भावकीच्या आतच फिरे. अनेक गावांत सुईण 'खालच्या' मानलेल्या जातीतली असे. बाळंतिणीच्या खोलीत तिच्यावाचून पान हलत नसे, मात्र सोयर फिटले की तिला पुन्हा अंगणातच उभे राहावे लागे. विधवा, टाकलेली बाई, परगावाहून मजुरीला आलेले कुटुंब यांच्या दाराशी फारसे कोणी फिरकत नसे. ज्ञानाचीही मर्यादा होती. नाळ विळ्याने कापली जाई आणि धनुर्वाताने अनेक बाळे दगावत.

शिकलेल्या परक्या स्त्रीने घरात येऊन मदत करावी, ही कल्पना नागपुरात मिशनऱ्यांबरोबर आली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे आले. पुढे स्कॉटिश मिशनने सीताबर्डीत स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय चालवले. 1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने देशभर निधी उभा राहिला. पडद्यातल्या स्त्रियांना स्त्री-वैद्य आणि शिकलेल्या सुइणी मिळाव्यात हा त्याचा हेतू होता. नागपूरच्या डफरिन रुग्णालयातही परिचारिका घडू लागल्या. 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मध्यप्रांत आणि वऱ्हाडाला देशात सर्वांत जास्त झोडपून गेली. आजाऱ्यांच्या मानाने रुग्णालये आणि वैद्य किती अपुरे आहेत, हे तेव्हा उघडे पडले.

त्या काळातल्या नागपूरने या कामाला स्वतःची माणसे दिली. कमलाबाई होस्पेट (1896-1981) यांना कोवळ्या वयातच वैधव्य आले होते. डफरिन रुग्णालयात त्या परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. गोऱ्या वरिष्ठांकडून देशी परिचारिकांना मिळणारी वागणूक त्यांना सलत होती. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि शहर असहकाराच्या विचाराने भारले गेले. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, कमलाबाईंनी वेणूताई नेने यांच्या साथीने सीताबर्डीत मातृसेवा संघ सुरू केला. प्रसूतिगृह होते अवघ्या चार खाटांचे.

या घटनेचे मोल खाटांच्या संख्येत शोधू नये. विधवेची सावलीही बाळंतिणीवर पडू नये असे मानणाऱ्या समाजात एका विधवेने बाळंतपणाचे काम हाती घेतले, आणि तेही जात न विचारता. दवाखान्याची पायरी चढायला स्त्रिया बिचकत, तेव्हा आधी घरच्यांचा विश्वास मिळवणे भाग होते. सासूने 'जा' म्हटल्याशिवाय सून हलत नसे. म्हणून या कामात औषधाइतकेच महत्त्व ओसरीवर बसून केलेल्या बोलण्याला होते. संघाच्या शाखा पुढे वाढल्या. अपंग आणि मतिमंद मुले, निराधार स्त्रिया, वृद्ध यांच्यासाठीही त्याने काम उभे केले. कमलाबाईंना 1961 मध्ये पद्मश्री मिळाली.

1958 मध्ये संघाने नागपुरात समाजकार्य महाविद्यालय काढले. गृहभेट हा तिथे रीतसर शिकण्याचा विषय झाला: घरी कसे जावे, काय विचारावे, काय विचारू नये, ऐकलेले कोणाजवळ बोलू नये. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. राज्यातील तिच्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. अंगणवाडी सेविकेच्या कामात गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जाणे आपोआप आले.

बाहेरच्या जगातही हा विचार वाढत होता. 1973 मध्ये इंग्लंडातील लेस्टर येथे मार्गारेट हॅरिसन यांनी होम-स्टार्ट ही संस्था सुरू केली. मुले वाढवलेल्या स्त्रिया आठवड्यातून एकदा अडचणीतल्या तरुण आईच्या घरी जाऊन बसत, मुलांना सांभाळत, तिचे ऐकून घेत.

विदर्भातील सर्वांत मोठे पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या दांपत्याने 1986 मध्ये 'सर्च' संस्था स्थापली. 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूत, म्हणजे गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रिया, नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका ओळखायचा. जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरला, तेव्हा याच वाटेने मनाच्या दुखण्यापर्यंत जाण्याचा प्रयत्न झाला. 'संगत' संस्थेच्या 'विश्राम' प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातही हे काम विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत आशांकडे, म्हणजे गावोगावी नेमलेल्या आरोग्य-स्वयंसेविकांकडे, आले.

2005 पासून नेमल्या गेलेल्या आशा आज या परंपरेच्या वारस आहेत. 2011 पासून नवजात बाळाच्या घरी जाण्याचे त्यांचे दिवस ठरले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, बाळंतपण घरी झाले असेल तर पहिलाही. सरकारी कागदावर त्या कर्मचारी नसून स्वयंसेविका आहेत. कमलाबाईंनी सेवा स्वखुशीने पत्करली होती. आशांचे काम मात्र शासनाने नेमून दिलेले आहे, त्यामुळे 'स्वयंसेविका' म्हणून त्यांचा पगार टाळणे न्यायाचे नाही. बेचाळीस दिवसांच्या या सगळ्या भेटींसाठी योजनेने ठरवलेला मोबदला एका बाळामागे 250 रुपये होता.