चौथीनंतर शाळा का बदलते?

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावर खांडबारा हे स्टेशनाचे गाव आहे. अशा गावांभोवतीच्या पाड्यांवर घरी मावची किंवा भिलांची एखादी बोली बोलली जाते. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या गावची वाट धरावी लागते. शाळा चौथीलाच का तुटते, याचे उत्तर मुलांच्या वाढीत सापडत नाही; ते इतिहासात आहे.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील पूर्ण मराठी शाळा सातवीपर्यंत असे. शेवटी ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्यांतूनच प्राथमिक शिक्षक मिळत. पण ज्याला इंग्रजी शिकायचे असे, तो मराठी चौथीनंतर बाहेर पडून ‘इंग्रजी पहिली’त जाई. कॉलेज आणि बऱ्या पगाराची नोकरी त्याच वाटेवर होती. साहजिकच चौथी हा फाटा ठरला. म्हणूनच आजही पाचवी ते सातवी या इयत्ता कुठे प्राथमिक शाळेत, तर कुठे हायस्कुलात दिसतात.

किती वर्षे शिकवायचे याबद्दलही एकमत नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. गोखल्यांचे १९११ चे विधेयक सुरुवातीला सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरतेच होते, आणि तेही संमत झाले नाही. आम्हाला यात फुल्यांची दृष्टी अधिक दूरची वाटते.

कारण दहा ते तेरा हे वय वयात येण्याचे. शरीर बदलत असते, इतरांच्या नजरेची जाणीव तीव्र होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी आठ इयत्तांची सलग शाळा मोडून ‘ज्युनियर हायस्कूल’ निघाले. पुढे सिमन्स आणि ब्लाइथ यांनी मिलवॉकी शहरातील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला (१९८७). सलग शाळेत राहिलेल्या मुलींपेक्षा सातवीत शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास अधिक घसरलेला आढळला. न्यूयॉर्कमधील रॉकॉफ व लॉकवुड यांच्या अभ्यासात (२०१०) शाळा बदलताच गुणही घसरलेले दिसले. तेथील शाळा आणि आपले पाडे सारखे नाहीत, हे खरे. पण आपल्या मुलीला शाळेबरोबर रस्ता आणि पुष्कळदा बोलीही बदलावी लागते.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पहिली ते आठवी हा एकच टप्पा मानला. त्यानंतर बऱ्याच जिल्हा परिषद शाळांना पाचवीचे, आठवीचे वर्ग जोडले गेले. मात्र वर्ग जोडला म्हणजे शाळा सलग झाली असे नाही. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा, असे तोच कायदा सांगतो. सातवीला विज्ञान शिकवायला गुरुजी नसतील, तर ओळखीचा वर्ग आणि ओळखीच्या बाई मिळूनही मुलीचे नुकसानच होते.

आदिवासी भागात आश्रमशाळेचा पर्याय आहे. तेथे पहिलीपासून दहावीपर्यंतही सलग शिकता येते. पण शाळा बदलू नये म्हणून सहाव्या वर्षीच घर सोडावे लागते. पाड्यापासून चालत जाता येईल अशी, विषयशिक्षक असलेली आठवीपर्यंतची शाळा खर्चाची आहे. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचा विषय निघतो, तेव्हा हिशेबात सहसा शिक्षकांचा पगार धरला जातो. पाचवीत गळालेली मुलगी धरली जात नाही.