मारक यंत्र, घोरपड आणि कथेतील तर्क

निर्जीव वस्तूत जीव संचरावा आणि तिने माणसाच्याच गळ्याला नख लावावे, हा भयकथेचा एक प्रधान विषय आहे. विसाव्या शतकात या विषयाने यंत्रमानवाचे रूप घेतले आणि चित्रपटाच्या द्वारे तो सर्वत्र पसरला. अशा भयपटांविषयी एक वाद वारंवार उपस्थित होतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, यंत्र कशाच्या बळावर चालते, ते विचार कसा करते, त्याला मारण्याची बुद्धी का होते, यांची पटण्याजोगी उपपत्ती नसेल तर प्रेक्षकाला भीती न वाटता हसू येते. दुसऱ्या पक्षाच्या मते करमणुकीसाठी आलेला प्रेक्षक असल्या चौकशा करीतच नाही. तर्क हा त्याच्या आनंदातील अडथळाच होय. या वादाचा निर्णय केवळ चित्रपटांवरून करण्याचे कारण नाही. अद्भुत आणि विश्वसनीयता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मराठी शाहिरापुढे चित्रपटाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. त्याने दिलेल्या उत्तराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखाशी निगडित आहे.

१. उमरठ आणि यशवंती

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव सुभेदार तानाजी मालुसरे याचे गाव म्हणून प्रसिद्ध असून त्याची समाधीही तेथे आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजीने कोंढाणा घेतला आणि त्या झुंजीत तो पडला, हे इतिहाससिद्ध आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत या प्रसंगाचे वर्णन आहे. तानाजीबरोबर पाचशे माणूस होते व निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, असे तो सांगतो. सभासदाच्या वर्णनात घोरपड नाही.

घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. हा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहात समाविष्ट आहे. उमरठला रायबाच्या लग्नाची तयारी चालली असता आलेले बोलावणे, वृद्ध शेलारमामा, आणि कड्यावर दोर नेणारी यशवंती घोरपड, ही सर्व सामग्री मराठी मनात रुजली ती या पोवाड्यामुळे. पुढे हरिनारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी, तिच्यावरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली काढलेला ‘सिंहगड’ हा मूकपट आणि १९३३ चा प्रभात कंपनीचा त्याच नावाचा बोलपट, अशी या कथेची परंपरा वाढत गेली.

आता निसर्गाच्या तर्काने पाहिल्यास घोरपडीची कथा टिकत नाही. अवघे काही किलो वजनाचा तो प्राणी. त्याच्या नखांच्या पकडीवर शस्त्रधारी माणसांची रांग कडा चढून जाणे शक्य नाही. तरीही पोवाडा ऐकणारा या ठिकाणी हसत नाही. उलट, त्याचा श्वास येथेच रोधला जातो. याचे कारण पोवाड्याच्या रचनेतच सापडते.

पहिली गोष्ट ही की, यशवंती सहजासहजी वर जात नाही. ती माघारी फिरते. तो अपशकुन आहे हे तानाजीला कळते, श्रोत्यालाही कळते. तानाजी तिला मारून खाण्याचा धाक घालतो, तेव्हा ती चढते. म्हणजे अद्भुत साधन फुकट मिळत नाही. त्याची किंमत ठरते आणि पहाटेपूर्वी ती वसूलही होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घोरपडीला कथेत एकच काम दिलेले आहे. दोर वर पोहोचला की तिचा संबंध संपतो. त्यानंतर गडावर हत्ती येतो, सिद्दी हिलाल येतो, शेवटी उदयभानू येतो. त्या प्रत्येकाशी माणसाला तलवारीनेच लढावे लागते. यशवंतीने पुढे जाऊन उदयभानूलाही ठार केले असते, तर तानाजीच्या मरणाला अर्थ उरला नसता, आणि ज्या श्रोत्याने घोरपडीचे चढणे मान्य केले त्यानेच तो पोवाडा टाकून दिला असता.

२. संभावना म्हणजे काय

शाहिराने व्यवहारात पाळलेला हा विवेक शास्त्रकारांनी सूत्ररूपाने सांगितला आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने गणली असून त्यांतील पहिले संभावनाविरहाचे आहे. जे संभवनीयच वाटत नाही त्यात प्रेक्षकाचे मन शिरू शकत नाही, मग रस कोठून येणार? परंतु यावर त्याने सांगितलेला उपाय अद्भुताचा त्याग करण्याचा नाही. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची तर ती रामादिकांसारख्या प्रख्यात पुरुषांच्या ठिकाणी दाखवावीत. त्यांच्याविषयी दीर्घकाळ रूढ झालेला विश्वास त्या कृत्यांना आधार देतो. अरिस्टॉटलनेही, संभवनीय वाटणारी अशक्य गोष्ट ही असंभवनीय वाटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा कवीने पत्करावी, असे म्हटले आहे.

हा प्रसिद्धीचा आधार यशवंतीलाही होता. घोरपडीच्या साहाय्याने दुर्गम किल्ला चढून जाण्याची कथा मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या कुलकथेतही आढळते, व त्या घराण्याच्या आडनावाची व्युत्पत्ती तिच्यावरून सांगतात. सारांश, ‘घोरपड कडा धरून ठेवते’ हा निसर्गाचा नियम नसला तरी कथेच्या प्रदेशातील परिचित नियम होता.

मराठी लोकसमजुतीतील भुतेही अशीच नियमबद्ध आहेत. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो. चकवा मारीत नाही; तो रात्रभर एकाच जागी फिरवतो. यांपैकी एकाचेही अस्तित्व सिद्ध करता येणार नाही. तथापि प्रत्येकाची हद्द मात्र ठरलेली आहे. किंबहुना भीती उत्पन्न होते ती या हद्दीमुळेच. पिंपळाखालून जावयाचे आहे, हे ठाऊक असल्यावाचून पाय जड होत नाहीत.

३. बाहुला आणि यंत्र

या पार्श्वभूमीवर मराठीतील या जातीच्या सर्वांत परिचित चित्रपटाकडे पाहावे. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ १९९३ साली प्रदर्शित झाला. तात्या विंचू हा गुन्हेगार मृत्युंजय मंत्राच्या बळावर, मरतेसमयी आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला खून करीत सुटतो. दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेला हा खलनायक आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात कायम राहिले. २०१३ साली चित्रपटाचा दुसरा भागही निघाला. या कथेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आहे.

बाहुला हे काही यंत्र नव्हे; परंतु माणसाने बनविलेली मानवाकृती वस्तू स्वतः चालू लागून माणसाला मारते, एवढ्यापुरते त्याचे यंत्रमानवाशी सख्खे नाते आहे. मंत्राने आत्मा बाहुल्यात कसा शिरतो, याची चौकशी प्रेक्षक करीत नाही. ज्याला प्रथम आपले गुपित सांगितले त्याच्याच देहात तात्याला शिरता येईल, आणि भुवयांच्या मध्यभागी गोळी लागल्यावाचून तो मरणार नाही, हे दोन नियम चित्रपट घालून देतो. पहिल्यामुळे तो लक्ष्याचाच पाठलाग का करतो हे कळते. दुसऱ्यामुळे प्रत्येक चुकलेली गोळी भय वाढविते. शेवटी तो बाहुला पायऱ्यांवरून पडून मेला असता, तर मंत्र निमूटपणे मान्य करणारा प्रेक्षकच फसवणुकीची तक्रार करता.

यंत्रमानवाची कथा मात्र मंत्राकडून नव्हे, तर श्रमाकडून निघाली. कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकाचा प्रयोग १९२१ साली प्राग येथे झाला आणि ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोता’ या चेक शब्दात असून त्याचा अर्थ वेठ असा आहे. वेठीला धरलेला उलटणारच, हा त्या कथेतील तर्क वीजशास्त्राचा नसून समाजाचा होता, आणि म्हणूनच तो कोणालाही पटणारा होता. ‘यंत्रमानव’ या मराठी प्रतिशब्दात वेठीचा हा ध्वनी राहिला नाही.

पुढे १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’ मध्ये भविष्यातून आलेले मारेकरी यंत्र दाखविले आहे. कालप्रवासाची तेथील उपपत्ती तर्काच्या कसोटीवर उतरणारी नाही. पण जिवंत मांसाने वेढलेली वस्तूच काळ ओलांडू शकते, हा एक नियम चित्रपट सांगतो. त्यामुळे भविष्यातील शस्त्रे बरोबर आणता येत नाहीत. नायकाला हाती लागेल त्यावर लढावे लागते आणि यंत्राचा शेवट कारखान्यातील एका दाबयंत्राखाली होतो. येथेही अद्भुताला प्रवेश एकाच दारातून आहे.

प्रस्तुत प्रश्नावर जणू प्रयोगच घडावा असे एक उदाहरण उपलब्ध आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ची नवी आवृत्ती २०१९ साली निघाली. तिच्यात आत्मा आणि मंत्र वगळण्यात आले. कारखान्यातील एक असंतुष्ट कामगार बाहुल्याच्या यंत्रणेतील सुरक्षेची बंधने काढून टाकतो व त्यामुळे बाहुला मारक होतो, अशी आधुनिक उपपत्ती तेथे दिली आहे. विज्ञानाच्या दृष्टीने ही उपपत्ती अधिक पटणारी आहे यात शंका नाही. असे असता, मंत्रावर उभ्या असलेल्या १९८८ च्या कथेला अनेक उत्तरभाग लाभले आणि २०२१ पासून तिची दूरचित्रवाणी मालिकाही झाली. कथेचे यश अनेक कारणांनी ठरते, हे खरे. तथापि उपपत्ती अधिक विश्वसनीय केल्याने कथा आपोआप अधिक चिरंजीव होत नाही, एवढा निष्कर्ष तरी यातून निघतो.

नियमही न पाळणारे चित्रपट पाहून लोक करमणूक करून घेतातच, असा आक्षेप येथे येईल. तो खरा आहे. पण ती करमणूक हास्याची असते, भयानकाची नव्हे. बंधने नसलेल्या यंत्राला भिण्याचे कारण उरत नाही, कारण पुढे काय होईल याविषयी काहीच अपेक्षा बांधता येत नाही. ‘झपाटलेला’ मध्ये हास्यही भरपूर आहे, परंतु ते माणसांच्या भित्रेपणातून येते; बाहुल्याचे नियम तेथेही शाबूत राहतात.

४. कथेची सवलत आणि इतिहासाचे कर्तव्य

या विवेचनाचे महत्त्व चित्रपटापुरते नाही. पटण्याजोगे ते खरे, अशी समजूत इतिहासाच्या अभ्यासकालाही सहज होते. घोरपडीची कथा कोणाही अभ्यासकाला फसवीत नाही. तिचे अद्भुतत्व उघडच आहे. फसविते ती तिच्या शेजारची, दिसण्यात अगदी साधी असलेली गोष्ट. तानाजीच्या मरणानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवले गेले, ही हकीकत तर्काला पूर्णपणे पटते. पण सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रातच आढळते.

याच्या उलट उदाहरणही याच मुलखात आहे. कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपूर येथे दाखवितात. त्याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात शिवाजी महाराज विष्णूचा अवतार आहेत आणि देवी साक्षात बोलते. तरीही महाराजांच्या जन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी त्याच काव्यात आहे. उत्तरकालीन बखरींतून रूढ झालेले १६२७ हे साल दिसावयास निर्दोष होते. अभ्यासाअंती मान्यता मिळाली ती परमानंदाच्या तिथीला. यावरून अद्भुत असणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे आणि संभवनीय असणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे, हे स्पष्ट होते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह वाहने वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. अशा प्रसंगी ‘नदी कोपली’, ‘डोंगर खवळला’ असे उद्गार माणसाच्या तोंडून निघतात. कथेत ते शोभतातही. कोपणारी नदी ही मारक यंत्राचीच भगिनी होय. परंतु जेथे माणसे खरोखर गेली तेथे नियम एकदा सांगून भागत नाही. दगड, पाणी, पाऊस, देखभाल यांची कारणपरंपरा शेवटपर्यंत शोधावी लागते. कथेला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची सवलत आहे. इतिहासाला आणि चौकशीला ती एकही नाही.

तात्पर्य, मारक यंत्राच्या भयपटाला विज्ञानाच्या कसोटीला उतरणारा तर्क आवश्यक नाही, परंतु स्वतः घातलेला नियम पाळण्याचा तर्क त्याला टाळता येत नाही. प्रेक्षक एक अशक्य गोष्ट देऊ करतो आणि तिच्या मोबदल्यात बाकी सर्व गोष्टींचा हिशेब मागतो. तुळशीदासाने तो चोख दिला. त्याची यशवंती दोर घेऊन एकदाच वर गेली, आणि पुढचे सर्व माणसांनी केले.