यादीत नसलेलं रसायन

लॉस एंजेलिसमधल्या पेट्रोल पंपांखालचं पाणी तपासणं हा नव्वदच्या दशकात माझा पोटापाण्याचा धंदा होता. नागपूरला भूशास्त्र शिकताना विहिरीत टेप सोडायचे, ती उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं हे बघायला. इथे पाण्यावर पेट्रोलचा थर आहे का आणि किती जाड, हेही बघावं लागे.

हा धंदा मुळात कायद्याच्या पोटी जन्मला. पंपांखाली पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या वर्षानुवर्षं गंजत, गळत होत्या. मालकाला साठ्याच्या हिशेबात थोडी तूट दिसे, एवढंच. 1983 मध्ये कॅलिफोर्नियाने आणि 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा टाक्यांसाठी कायदा केला. 1988 च्या नियमांनी मुदत घातली: 22 डिसेंबर 1998 पर्यंत जुन्या टाक्या सुधारा, बदला, नाहीतर बंद करा. टाकी उकरली की खालच्या मातीला पेट्रोलचा वास यायचा. मग आवारात दोन-चार इंची नळ्या उतरवून निरीक्षणाच्या विहिरी पाडल्या जात आणि दर तीन महिन्यांनी आमची गाडी तिथे उभी राही.

विहिरीत साचलेलं शिळं पाणी आधी उपसायचं, नळीत मावतं त्याच्या साधारण तिप्पट. ते गटारात सोडायचं नाही, पिंपात भरायचं. मग बेलर, म्हणजे तळाशी गोळीची झडप असलेली लांब नळी, दोरीने अलगद खाली सोडायची. धाडकन आदळली तर पेट्रोलमधलं बेन्झीन हवेत उडून जाई आणि आकडा कमी येई. घाई कुणाच्या पथ्यावर पडायची ते सांगायला नको. नमुन्याच्या 40 मिलीलिटरच्या काचेच्या कुपीत आम्ल आधीच घातलेलं असे, वाटेत जंतूंनी बेन्झीन फस्त करू नये म्हणून. काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत ती भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की कुपी बाद. मग बर्फाच्या पेटीत, आणि 14 दिवसांच्या आत तपासणी.

1996 मध्ये रॉबर्ट पुल्स आणि मायकेल बार्सेलोना यांनी सरकारी पर्यावरण संस्थेसाठी हळू उपशाची पद्धत लिहून काढली: छोट्या पंपाने मिनिटाला 100 ते 500 मिलीलिटर, पातळी फारशी हलू न देता. बेलर विहीर घुसळतो, गाळ उठवतो आणि गाळाला चिकटलेलंही नमुन्यात येतं, हे त्यामागचं कारण. पद्धत मला पटली, पण कंटाळवाणी होती यात शंका नाही.

एवढी निगा राखून आम्ही प्रयोगशाळेला विचारायचो काय? एकूण पेट्रोल, आणि चार नावं: बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन. एमटीबीई नावाचं रसायन 1979 पासून पेट्रोलमध्ये होतं. आधी शिशाऐवजी ऑक्टेन वाढवायला, आणि 1990 च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर धूर कमी करायला, तेही कॅलिफोर्नियात अकरा टक्क्यांपर्यंत. आमच्या फॉर्मवर मात्र त्याला रकाना नव्हता.

ऑक्टोबर 1995 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अहवालाने सांगितलं की गळतीतलं बेन्झीन सहसा 250 फुटांपलीकडे जात नाही, जमिनीतले जंतू त्याला संपवतात. बेन्झीनपुरतं हे बरोबरच होतं. एमटीबीईची चाल वेगळी. ते पाण्यात बेन्झीनच्या कितीतरी पट विरघळतं, मातीला जेमतेम चिकटतं, जंतूंना सहज पचत नाही. त्याच वर्षी सांता मोनिकाच्या पिण्याच्या विहिरींत ते सापडलं. 1996 मध्ये त्यांतल्या चार्नॉक विहिरींतलं प्रमाण अब्ज भागांत 610 भागांवर गेलं. पुढे कॅलिफोर्नियाने आरोग्यासाठी मर्यादा ठरवली ती 13. शहराचं जवळजवळ निम्मं पाणी देणाऱ्या त्या विहिरी बंद झाल्या आणि सांता मोनिकाला बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं. 1999 मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीईवर बंदी जाहीर केली. ती 2003 च्या अखेरीस पूर्ण लागू झाली.

आमच्या फॉर्मवर रकाना वाढला. जुन्या उपकरणाच्या आलेखात एमटीबीईचं शिखर पेट्रोलमधल्या इतर घटकांच्या शिखरांत मिसळायचं, म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरने खात्री करणं सुरू झालं. मग जो तो विचारू लागला की अमुक पंपाखाली हे नेमकं कधी उतरलं. फायली होत्या, त्यांत बेन्झीनचे तिमाही आकडे ओळीने लिहिलेले होते. कुपीतलं पाणी मात्र 14 दिवसांनंतर तपासायला बादच, आणि तेही कधीच फेकलेलं.