सँटोरिनीची वाइन आणि दगडाची चव

सँटोरिनी या ग्रीसच्या ज्वालामुखी बेटावरच्या पांढऱ्या वाइनमध्ये ज्वालामुखीची चव लागते, असं मानणारे पुष्कळ आहेत. मुळं खडकातली खनिजं शोषतात, तीच घडात उतरतात, असा त्यांचा समज. ही वाइन चवीला वेगळी आहे, याबद्दल वाद नाही. त्या वेगळेपणाचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं.

मुळं खडक खात नाहीत. पाण्यात विरघळलेली पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्यं तेवढी घेतात. आणि लाव्ह्यातलं पालाश शेणखतातल्या पालाशाहून निराळं नसतं. खडकाला मुळात चवच नसते, हे भूशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी २०१८ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. आणि ज्वालामुखीच चव देत असता, तर दख्खनच्या बेसॉल्टवरच्या नाशिकच्या द्राक्षांनाही ती यायला हवी होती. पण ती येत नाही; तिथे चिकण काळी माती आहे, तिने धरलेलं पाणी आहे, पावसाळा आहे.

सँटोरिनीची माती जे करते ते मला याहून विलक्षण वाटतं. तिथल्या राखेत आणि प्युमिस या ज्वालामुखीच्या हलक्या दगडात पालाश फार कमी. द्राक्षात पालाश वाढलं की ते टार्टारिक आम्लाशी जुळतं, त्याचे खडे होऊन तळाशी बसतात आणि वाइनचा आंबटपणा उतरतो. सँटोरिनीत ते आम्ल टिकतं. म्हणजे ज्या तरतरीतपणाचं श्रेय खडकाला देतात, तो निदान अंशतः मातीत काही कमी असल्यामुळे आलेला आहे! चिकणमातीही जवळपास नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपातले मळे बुडवणारी फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड तिथे तग धरू शकली नाही. तिथल्या वेली आजही खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर वाढतात.

बाकीचं हवामान करतं. पाऊस थोडा, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात मेल्टेमी वारा झोडपतो. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा सच्छिद्र प्युमिस धरून ठेवतो. वाऱ्यामुळेच पारंपरिक मळ्यात मांडव नसतो. शेतकरी काड्या जमिनीलगत गोल गुंफून टोपली करतो, तिला कुलुरा म्हणतात. घड आतल्या बाजूला, वाऱ्याउन्हापासून झाकलेले वाढतात. वेल फार जुनी झाली की वरचा भाग कापून त्याच मुळावर नवी टोपली धरतात.

तिथलं मुख्य द्राक्ष आसिर्तिको हे वाणच आंबट, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे, पण त्यानेही खडकाची बाजू सावरत नाही. तेच वाण ग्रीसच्या मुख्य भूमीवर, अधिक सुपीक जमिनीत लावलं की आम्ल बरंचसं राहतं, पण वाइन बहुधा अधिक फळांच्या वासाची आणि मऊ होते.